डावीकडचा तिसरा ड्रम

मला नापास करणाऱ्या बाईचं नाव भार्गवी. वय सव्वीस. मी त्रेपन्न वर्षांचा, आन् ती जन्मायच्या आधीपासून ट्रकचं स्टेअरिंग माज्या हातात. आज कुणी विचारलं, गुरुशांत, तुज्यावर उपकार कुणाचे, तर आईबापाच्या मागोमाग मी तिचं नाव घेतो. पण त्या दिवशी ग्राउंडवर मी तिला जे जे बोललो, ते तुमी ऐकलं असतं तर म्हणला असता, ह्या बाबाला घरात कोण घेतं?

घरात घेते ती ईरम्मा, माजी बायको. ती म्हणते, "तुमच्या तोंडाला बी ब्रेक बसवून घ्या कुणाकडनं तरी." खरं हाय ते. माजं तोंड वाईट. मैंदर्गीत वाढलो, निम्मी भांडणं कानडीत शिकलो, निम्मी मराठीत. ट्रकवर दोन्ही कामाला आली.

झालं असं. हेवी गाडीचा परवाना दर पाच वर्षांनी नवा करावा लागतो. माजा संपून दीड वर्ष झालेलं आन् मला पत्ताच न्हाय! रोज गाडी चालवतोय, रोज खिशात पाकीट हाय, पाकिटात परवाना हाय. त्याच्यावरची तारीख कोण मरायला वाचतंय? आमचे मालक शिवानंद शेठ. त्यांना एका सिमेंट कंपनीचं काम मिळालं, आन् कंपनीनं सगळ्या ड्रायव्हरांचे कागद मागितले. तवा माजं बिंग फुटलं. वर्षाच्या वर उशीर झाला की नुसतं नूतनीकरण होत न्हाय, परीक्षा परत द्यावी लागते. वर कंपनीचा आपला एक नियम, की ट्रेनिंग सेंटरचा दाखला बी पायजे.

शेठ म्हणाले, "गुरुशांत, महिन्याअखेरपातूर दोन्ही कागद आण. न्हायतर गाडी दुसऱ्याच्या हातात द्यावी लागंल. मला बी गोड न्हाय लागत, पण माजा इलाज न्हाय."

"आणतो की," मी म्हणलं. "त्यात काय एवढं?"

वय झालेल्या ड्रायव्हरला डॉक्टरचा दाखला लागतो. तो आधी काढला. डॉक्टरनं मोबाइलमधनं मान वर न काढता विचारलं, "दिसतं ना नीट?" मी म्हणलं, "दिसतं की." सही, शिक्का, झालं. बाहेर येऊन मी शरणप्पाला म्हणलं, बघ, एक गड सर झाला.

शरणप्पा म्हंजे माजा क्लीनर. क्लीनर म्हणल्यावर तुमच्या डोळ्यांपुढं एखादं पोरगं येईल, पण ह्याला नातवंडं हायत. एकोणीस वर्षं आमी एका गाडीवर. गाडीची उजवी बाजू माजी, डावी त्याची. हा आमच्या धंद्यातला रिवाजच हाय. ड्रायव्हर उजवीकडं बसतो, एवढी लांब रुंद गाडी, डावीकडचं त्याला काय दिसणार? म्हणून क्लीनर डाव्या खिडकीतनं मुंडी बाहेर काढून बसतो आन् दारावर हातानं थाप मारतो. एस्टीच्या घंटीसारखं, एक थाप म्हंजे थांब, दोन म्हंजे जाऊ दे. "येऊ दे, येऊ दे, अजून येऊ दे, बास!" ह्या आवाजावर मी आंधळ्यासारखा इस्वास ठेवून गाडी मागं घेतलेली हाय, अगदी दरीच्या तोंडाशी. चांगला ड्रायव्हर कोण, तर ज्याचा क्लीनर चांगला, असं आमी म्हणायचो.

ट्रेनिंग सेंटर गावाबाहेर. तितं गेलो तर शिकवायला ही पोरगी! पायात बूट, केसांचा घट्ट अंबाडा, हातात शिट्टी. मी म्हणलं, "मॅडम, तुमच्या वडलांना तरी येते का गाडी?"

ती हसली. "बाबांना सायकल येते. चिंतामणी सर, गणित शिकवतात शाळेत. गाडी मला येते. चला, बसा."

वर्गात बसलेले सगळे हसले. मी बी हसलो, पण लागलं ते मला. मग आठ दिवस वर्ग. गाडीभोवती चक्कर मारून काय काय बघायचं, ब्रेकच्या हवेचा काटा किती आल्याशिवाय गाडी हलवायची न्हाय, भरलेली गाडी थांबायला किती जागा घेते. उतारावर न्यूट्रल मारायची माजी सवय तिनं पहिल्याच दिवशी पकडली. म्हणाली, "डिझेल वाचतं ना काका? आणि ब्रेक तापून गेले की?" एकदा गेले होते तसे. पण ते मी तिला सांगितलं न्हाय.

नवव्या दिवशी ग्राउंड. लोखंडी ड्रम लावून केलेली वळणं. त्यातनं गाडी पुढं न्यायची, मग तशीच मागं आणायची. माज्यासाठी पोरखेळ. मी चढलो, माज्यामागं सवयीनं शरणप्पा चढला.

"तुम्ही खाली," मॅडम म्हणाल्या. "कॅबिनमध्ये फक्त उमेदवार आणि मी."

"मी बसतो की गपगार."

"नाही काका. नियम आहे."

शरणप्पा उतरला. उतरताना त्यानं माज्याकडं कसं बघितलं, ते मला तवा कळलं न्हाय. मला वाटलं, बिचाऱ्याचा अपमान झाला.

पुढं नीट गेलो. मागं घेताना धाड! डावीकडचा तिसरा ड्रम आडवा. मी म्हणलं ड्रम चुकीच्या जागी ठेवलाय. दुसऱ्या दिवशी परत. धाड! तोच ड्रम. मी म्हणलं आरसा ढिला हाय. तिनं आरसा घट्ट करून दिला. तिसऱ्या दिवशी मी जीव तोडून गाडी मागं घेतली, मुंगीच्या चालीनं, आन् परत तोच ड्रम घरंगळत कुंपणाला जाऊन लागला. बाहेर उभी असलेली पोरं ओरडली, "काकांचा ड्रम गेला!"

"आज नापास लिहावं लागेल," मॅडम म्हणाल्या.

झालं. माजं टाळकंच सरकलं. मी खाली उडी मारली आन् सुरू झालो. म्हणलं, "तुज्या वयाएवढी वर्षं मी घाट उतरतोय! तू कधी भर पावसात पंचर काढलंयस का? पुस्तकं वाचून ड्रायव्हर होत न्हाईत. घरी जाऊन पोळ्या लाट!" हे शेवटचं बोलायला नको होतं. तोंडातनं गेल्यावर मलाच कळलं. 

ती लालबुंद झाली. मला वाटलं, आता हाकलून देईल. पण तिनं शिट्टी गळ्यातनं काढली, खिशात ठेवली आन् म्हणाली, "काका, परत वर बसा. गाडी चालू करायची नाही. नुसतं समोर बघा. मान वळवायची नाही. मी डावीकडून चालत येते. मी दिसले की हॉर्न मारा."

मी बसलो. रागानं नाकपुड्या फुगलेल्या. वाट बघतोय, वाट बघतोय. म्हणलं, ही गेली कुटं? पाणी प्यायला गेली का? आन् एकदम ती माज्या पुढच्या काचेसमोर उभी! जमिनीतनं उगवल्यासारखी.

"मी तुमच्या डाव्या दारापाशी दोन मिनिटं उभी होते," ती म्हणाली. "हात हलवत होते."

मी डाव्या दाराकडं सगळी मान फिरवली.

"अकरा दिवस बघतेय मी. कोंबडी दाणा बघताना मान तिरकी करते ना, तशी तुम्ही डावीकडचं काहीही बघताना सगळी मान फिरवता. चहाचा कप घ्यायला सुद्धा. उद्या सकाळी डोळ्यांच्या दवाखान्यात जायचं. मी येते बरोबर."

"मी एकटा जाईन," मी म्हणलं. पण ती आली. पोळ्या लाट म्हणलेल्या माणसाबरोबर सकाळी आठला येऊन रांगेत उभी राहिली.

दवाखान्यात एका मशीनसमोर बसवलं. एक डोळा झाकून गोल पांढऱ्या भांड्यात बघायचं. बारीक दिवे लागतात, दिवा दिसला की हातातलं बटण दाबायचं. आधी उजवा झाला. मग डावा. मी बटणावर अंगठा ठेवून तयार. बसलोय, बसलोय. दिवा लागंना. मी मशीनवरच्या बाईला म्हणलं, "ताई, तुमचं मशीन बंद पडलंय." ती म्हणाली, "चालू आहे काका." तवा मी बटणावरचा अंगठा काढला.

काचबिंदू. डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं. डोळ्यातला दाब वाढतो, दुखत न्हाय, खुपत न्हाय, आन् कडेकडेनं नजर खात येतो. डावा डोळा जवळजवळ गेला होता, तो परत यायचा न्हवता. उजव्याला सुरुवात झालेली. रोज न चुकता थेंब घातले तर उजवा टिकंल, असं ते म्हणाले. "आणखी वर्षभर आला नसतात तर उजवाही गेला असता. तुम्हाला इथं आणलं कोणी?"

मी मॅडमकडं बोट केलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं हिला काय झालं रडायला, डोळा तर माजा गेलाय.

आन् हेवीचा परवाना? ते विचारायला माजी जीभ उचलंना. तिनंच डॉक्टरांना विचारलं. डॉक्टरांनी नुसती मान हलवली. ट्रक आता न्हाय.

घरी येऊन मी दोन दिवस कुणाशी बोललो न्हाय. ईरम्मा म्हणाली, "साकु, पुरे झालं आता. डोळा वाचला ह्येच्यात देव बघा." मी तिच्यावर बी खेकसलो. सत्तावीस वर्षं मी ड्रायव्हर. लग्नात, तेराव्याला, कुटं बी गेलो तरी लोक म्हणतात, ड्रायव्हर आले. गाडी काढून घेतली तर उरतो कोण मी?

तिसऱ्या दिवशी एक एजंट भेटला. कुटला ते सांगत न्हाय. म्हणाला, "काका, हितं परीक्षा देता कशाला? परराज्यातनं परवाना करून आणतो. डोळा न्हाय, ग्राउंड न्हाय. ट्रेनिंगचा दाखला बी बसल्या जागी. सोमवारपातूर हो म्हणा." महिना संपायला आठवडा होता. मी तोंडानं "बघतो" म्हणलं, पण मनातनं हो म्हणून मोकळा झालो होतो. थेंब घालीन की रोज. उजवा डोळा हाय. आन् डावीकडं शरणप्पा हाय.

हेच मी गुरुवारी शरणप्पाला चहाच्या टपरीवर सांगितलं. म्हणलं, "आजवर चाललंच की. तू हायस डावीकडं. तुज्या थापेवर तर गाडी चालते आपली."

शरणप्पानं कप खाली ठेवला. एकोणीस वर्षांत ह्या माणसानं चहा अर्धा टाकलेला मी बघितला न्हवता.

"गुरू, मला दोन वर्षं झाली कळून."

"काय कळून?"

"तुजा डावा गेलाय ते. आधी मी वळणावर आन् मागं घेताना थाप मारायचो. दोन वर्षांपासनं सरळ रस्त्यावर बी मारतोय. झोप येते म्हणून मी कधी डुलकी घेतली का दोन वर्षांत? सांग की."

मी उठून त्याची गचांडी धरली. टपरीवाला मधी पडला. मी म्हणलं, "हरामखोरा! मग बोलला का न्हाईस? तवाच बोलला असतास तर डोळा वाचला असता माजा!"

"व्हय," तो म्हणाला. हात सोडवायचा प्रयत्न बी त्यानं केला न्हाय. "मला वाटायचं वयानं कमी दिसतंय. मी सांगितलं तर तू गाडी सोडणार. आन् मग मी कुटं जाणार? मला गाडी येत न्हाय, लिहायला येत न्हाय. तुज्या डोळ्यापेक्षा मी माजं पोट बघितलं, गुरू. मार मला पायजे तर. पण आधी एक ऐक."

मी हात खाली घेतला.

"गेल्या मार्गशीर्षात सांगोल्याला डाळिंब भरायला चाललेलो. गावाच्या अलीकडं शाळा हाय, तितं मी थापेवर थाप मारली, बोंबललो. तू कचकन ब्रेक मारलास आन् मला शिव्या घातल्यास. मी म्हणलं, बकरी आडवी आली."

"मग?"

"बकरी न्हवती. शाळेची पोरगी होती. सायकलवर. तू डावीकडं दाबत चाललेलास, ती गाडीच्या आन् कठड्याच्या मधी सापडली. चाक आन् तिच्यात एवढं अंतर होतं." त्यानं वीत दाखवली. "मी उतरून तिची सायकल बाहेर काढली. ती रडत न्हवती, नुसती थरथरत होती. मी त्या दिवसापासनं झोपतोय कसा ते माजं मला ठाऊक. गुरू, माजा बी हात म्हातारा होतोय. एक दिवस माजी थाप उशिरा पडंल."

मी उठून घरी आलो. जेवलो न्हाय. सकाळी उठून शरणप्पाच्या दारात गेलो आन् म्हणलं, "चल. मला ती शाळा दाखव."

शाळा सुटायच्या वेळेला पोचू अशी दुपारची एस्टी धरली.  पाचच्या सुमाराला शाळेच्या फाटकापाशी उतरलो. शाळा रस्त्याला खेटूनच. घंटा झाली आन् पोरींचा लोंढा बाहेर आला, निम्म्या सायकलवर. मला काय करायचं होतं? माफी मागायची? पाया पडायचं? ठरवलंच न्हवतं. मला नुसती ती हाय एवढं बघायचं होतं.

"ती बघ," शरणप्पा म्हणाला. "हँडलला पिवळी पिशवी."

"कुटं? कुटं रं?" मी मान फिरवतोय, अख्खा फिरतोय, मला सगळ्या पोरी सारख्याच. आन् तेवढ्यात डाव्या कानाशी घंटी वाजली, पायाला चाक लागलं.

"ओ काका! सरका की बाजूला! दिसत न्हाय व्हय?"

पिवळी पिशवी. तेरा-चौदा वर्षांची, दोन वेण्या, कपाळावर घामानं केस चिकटलेले. माज्या अगदी शेजारी उभी, आन् मी तिला लांब लांब शोधत होतो.

"न्हाय दिसत, माय," मी म्हणलं. "ह्या बाजूचं न्हाय दिसत मला."

तिचा चेहरा एकदम बदलला. तिनं सायकल मैत्रिणीच्या हातात दिली आन् माजं मनगट धरलं. "मग हितं कशाला उभारलाय मधी? या हिकडं." मला धरून तिनं रस्त्याच्या पार कडेला नेलं, झाडाखाली उभं केलं. "हितंच थांबा. एस्टी आली की मगच पुढं व्हा. ह्या रस्त्याला ट्रकवाले लई जोरात येतात काका, बघतच न्हाईत कुणाकडं. मी एकदा मरता मरता वाचलेय."

एवढं बोलून ती गेली. मैत्रिणीकडनं सायकल घेतली, टांग मारली आन् रस्त्याच्या कडेकडेनं जात राहिली. मी तिला बघायला सगळा वळलो आन् पिवळी पिशवी दिसेनाशी होईस्तोवर बघत राहिलो. माज्या मनगटावर तिच्या हाताची ऊब तशीच होती. मग मला हुंदका फुटला तो आवरंना. शरणप्पा पाठीवर हात फिरवत होता, त्याचा मला राग आला न्हाय.

तितंच उभा राहून एजंटाला फोन लावला आन् नको म्हणून सांगितलं. तो काय काय समजावत होता, मी बंद केला. पुढं खायचं काय, ते त्या घडीला मला ठाऊक न्हवतं. मालकानं नंतर यार्डात माल भरून घ्यायला ठेवलं आन् शरणप्पाला बी सोडलं न्हाय, ती त्यांची मेहेरबानी.

मग तितनंच भार्गवी मॅडमला फोन लावला. त्यांनी उचलला, "बोला काका."  मनात सगळं भरून आलेलं, तोंडाशी एकच वाक्य आलं.

"मॅडम, ती पोरगी सुखरूप घरी गेली बघा."

"कोणती पोरगी, काका?"

मी झाडाखाली दगडावर बसलो आन् तिला पहिल्यापासनं सगळं सांगितलं.